शेततळ्यावरील गळ : लहान आमिषासाठीं काठी व रीळ यांची निवड

महाराष्ट्र शासनानें सन २०१६ मध्यें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू केली. तेव्हांपासून कोरडवाहू मुलखांत शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली, आणि त्यांपैकीं बऱ्याच तळ्यांत पाण्याबरोबर माशांचेंहि पीक घेतलें जातें. कटला, रोहू व मृगळ या जातींचीं बोटुकलीं पावसाळ्यांत सोडावीं, तीं वाढवावीं आणि उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे जाळें ओढून मासे काढावे, असा हा धंदा आहे. या धंद्यांत मोठें नुकसान होतें तें पुष्कळदां मरळीमुळें. ओढ्याच्या पाण्याबरोबर, किंवा विकत आणलेल्या बोटुकल्यांत मिसळून, मरळीचीं चार पिलें तळ्यांत शिरतात. मरळ हा मांसाहारी मासा. वरची हवा घेऊन श्वास करण्याची सोय त्याच्या अंगीं असल्यामुळें तो थोड्या व गढूळ पाण्यांतहि तगतो, आणि पावसांत ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यांतून दुसऱ्यांत जाऊं शकतो. वर्षअखेर जाळें ओढावें तों हजारांचा हिशेब शेंकड्यांवर आलेला आढळतो, आणि जाळ्यांत पांचसहा गलेलठ्ठ मरळी मात्र सांपडतात.

या चोराचा बंदोबस्त करण्याचे रूढ उपाय दोन आहेत. पाणी पुरें उपसून तळ उघडा करणें हा पहिला. आणि बोटुकलीं सोडण्यापूर्वीं पाण्यांत मोहाची पेंड टाकणें हा दुसरा. पाणी एक मीटर खोल असल्यास पेंडीचें प्रमाण हेक्टरीं सुमारें २,५०० किलोग्रॅम धरितात. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यास या मानानें ढोबळपणें सव्वादोनशें किलोग्रॅम पेंड लागेल. दोन्ही उपाय चांगले आहेत, परंतु दोन्ही तळ्यांत पीक नसतांनाचे आहेत. ज्यावर फळबाग अवलंबून आहे तें पाणी कोणी उपसून टाकीत नाहीं. आणि बोटुकलीं सोडल्यावर पेंड टाकणें म्हणजे चोराबरोबर संन्याशालाहि फांशीं देणें होय.

अशा वेळीं गळ उपयोगी पडतो, आणि त्यांतहि पाण्यांतून चालणारें लहान कृत्रिम आमिष. कटला पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव खातो, रोहू मुख्यतः वनस्पतिजन्य अन्नावर राहतो, आणि मृगळ तळचा गाळ चाळतो. पळत्या मासोळीचा पाठलाग करणें हा यांपैकीं कोणाचा स्वभाव नव्हे. तो मरळीचा आहे. कणकेच्या गोळीवर रोहूहि येतो. परंतु मासोळीसारखें पळणारें आमिष ओढलें असतां त्यावर बहुतेक शिकारी मासाच धांवतो. गळानें तळें निर्मळ होईल असें आमचें म्हणणें नाहीं. चोर कमी होतील व पीक हातीं लागेल, इतकेंच आम्ही सांगतों. चिलापी मासाहि अगदीं बारीक आमिषावर येतो, आणि त्याची बेसुमार वीण ज्या तळ्यांत झाली आहे तेथेंहि या साधनाचा उपयोग होतो.

मात्र हें साधन विकत घेतांना बहुतेकांची फसगत होते. दुकानांत जी काठी जाडजूड व जें रीळ मोठें, तें मजबूत म्हणून लोक उचलतात. तें समुद्रकिनाऱ्यावर शंभर ग्रॅमचें शिसें फेंकण्यासाठीं केलेलें असतें. तळ्यावर येऊन त्याला पांच ग्रॅमचें आमिष बांधलें म्हणजे तें पायाशींच पडतें, आणि घेणारा म्हणतो कीं हें काम आपलें नव्हे. वस्तुतः दोष त्याच्या हाताचा नसून खरेदीच्या क्रमाचा असतो. बैलांची ताकद न पाहतां नांगर घेणारा शेतकरी विरळा. मग आमिष न पाहतां काठी कां घ्यावी? आमचें सर्व सांगणें एका वाक्यांत येतें : आधीं आमिषाचें वजन ठरवावें, त्यावरून दोर, दोरावरून व आमिषावरून काठी, आणि सर्वांशेवटीं रीळ. हाच क्रम धरून पुढें विवेचन करितों.

आमिष. — या लेखांत लहान आमिष म्हणजे २ ते १० ग्रॅम वजनाचें, असें समजावें. अंदाजासाठीं एक रुपयाचें पोलादी नाणें हातांत घ्यावें. त्याच्या निरनिराळ्या छापांचीं वजनें ३ ते ५ ग्रॅमच्या दरम्यान आहेत. परदेशी मालावर वजन औंसांत छापलेलें असतें. एक औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम. तेव्हां १/८ औंस म्हणजे साडेतीन ग्रॅम व १/४ औंस म्हणजे सात ग्रॅम. शेततळ्यावर तीन प्रकार पुरेसे होतात. पहिला, तारेवर गरगर फिरणारें धातूचें पातें. तें ओढतांना चकाकतें व पाण्यांत कंप उठवितें. दुसरा, शिशाचें डोकें असलेल्या एकेरी गळावर चढविलेली रबरी मासोळी; चिलापीसाठीं ती २ ते ३ ग्रॅमची असावी. तिसरा, पाण्यावर तरंगणारा पोकळ रबरी बेडूक. याचे गळ पाठीवर, टोंकें वर करून बसविलेले असतात, म्हणून तो शेवाळांत अडकत नाहीं. मरळ त्यावर झडप घालते तेव्हां रबर दबतें व गळ उघडा पडतो. ६ ते १० ग्रॅमचा असा बेडूक हा मरळीसाठीं आमच्या मतें सर्वांत निर्धोक.

दोर. — जड शिसें कोणताहि दोर आपल्यामागें ओढून नेतें. पांच ग्रॅमच्या आमिषास तें बळ नाहीं. म्हणून येथें दोर बारीक व मऊ पाहिजे. जाड दोर रिळावर बसला कीं वेटोळ्यांचा आकार धरितो, काठीच्या कड्यांवर घांसतो, आणि आमिषाचा वेग खाऊन टाकितो. साधा एकपदरी नायलॉन दोर घ्यावयाचा तर चिलापीसाठीं ०.१६ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचा घ्यावा, आणि मरळीसाठीं मोकळ्या पाण्यांत ०.२५ मिलिमीटरचा. ०.२० मिलिमीटरचा चांगला नायलॉन दोर सुमारें ३ किलोग्रॅम ताण सोसतो, हें मान ध्यानांत ठेवावें.

दुसरा प्रकार वेणीच्या दोराचा. पॉलिएथिलीनच्या अतिबारीक तंतूंची ही वेणी त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षां दुपटीहून अधिक ताण सोसते आणि ताणली असतां जवळजवळ वाढत नाहीं. जेथें कांठाला पाणवनस्पती माजली आहे तेथें मरळीसाठीं ०.१५ मिलिमीटरच्या आसपासची वेणी घ्यावी; कारण गळ लागतांच मरळ वनस्पतींत शिरते, आणि ताणानें वाढणाऱ्या दोरानें तिला वेळीं खेंचतां येत नाहीं. वेणीच्या टोंकाला हातभर लांबीचा ०.४० मिलिमीटरचा नायलॉनचा तुकडा जोडावा, म्हणजे मरळीच्या दांतांनीं दोर कांतला जात नाहीं. वेणी उघड्या बोटावर गुंडाळून कधींहि ओढूं नये; ती सुरीसारखी कापते.

काठी. — काठीचें काम गोफणीसारखें आहे. गोफणींत वाटाण्याएवढा खडा घातला तर तो लांब जात नाहीं, व मोठा धोंडा घातला तर गोफणच तुटते. काठी मागें नेऊन पुढें झटकली म्हणजे आमिषाच्या वजनानें तिचा शेंडा मागें वांकतो, आणि तो सरळ होतांना आमिषास पुढें फेंकतो. आमिष हलकें व काठी ताठ असेल तर शेंडा वांकतच नाहीं. मग फेंकण्याचें सर्व काम मनगटावर येतें, व आमिष जवळच पडतें. म्हणून काठीच्या बुंध्याशीं छापलेला वजनाचा आंकडा प्रथम वाचावा. ‘२–८ ग्रॅम’ याचा अर्थ इतक्या वजनाचें आमिष ती फेंकूं शकते असा आहे. किती वजनाचा मासा निघेल असा नाहीं. आपण जें आमिष अधिक वापरणार तें या दोन आंकड्यांच्या मध्यावर यावें, कारण खालच्या टोंकाशीं फेंक नेहमींच दुबळी पडते. केवळ चिलापीसाठीं १–५ ग्रॅमची काठी बरी. पाणवनस्पतींतील मोठ्या मरळीसाठीं इतकी नाजूक काठी निरुपयोगी. तेथें ५–१५ ग्रॅमची घेऊन आमिष ७ ते १० ग्रॅमचें ठेवावें. घरांत एकच काठी ठेवावयाची असेल तर ३–१० ग्रॅमची घ्यावी.

लांबी ६ ते ७ फूट, म्हणजे १.८ ते २.१ मीटर, असावी. पन्नास मीटर फेंकणारी काठी दुकानदार मोठ्या कौतुकानें दाखवितो. परंतु ३० मीटर रुंदीच्या तळ्यावर १५ ते २० मीटरांची फेंक चारी बाजूंनीं केली कीं सर्व पाणी आटोक्यांत येतें. मरळ बहुधा कांठालगत, पाणवनस्पतींच्या कडेनें राहते. तेव्हां लांब फेंकीपेक्षां जेथें मनांत आहे तेथें आमिष पाडतां येणें अधिक मोलाचें आहे.

काठी कोठून वांकते हेंहि पाहावें. कांहींचा फक्त शेंडा वांकतो, कांहीं मध्यापर्यंत वांकतात, व कांहीं बुंध्यापर्यंत. फक्त शेंड्यानें वांकणारीनें मासा झटकन् गळास लागतो, परंतु हलकें आमिष फेंकावयास नवख्याला ती कठीण जाते. बुंध्यापर्यंत वांकणारी पाणवनस्पतींतून मासा ओढीत नाहीं. वरचा तिसरा हिस्सा वांकणारी काठी शिकाऊ हातास सर्वांत सोयीची. कांचतंतूची काठी स्वस्त, किंचित् जड आणि धसमुसळेपणा सोसणारी असते. कार्बनतंतूची हलकी, पण आपटली तर चिरणारी व नंतर अवचित मोडणारी असते. मुलांच्या हातीं जाणारी काठी कांचतंतूचीच बरी.

दुर्बिणीसारखी एकांत एक सरकणारी काठी पिशवींत मावते म्हणून लोकप्रिय आहे. तथापि तिच्या स्वस्त प्रकारांत कड्या थोड्या असतात व शेंडा ताठ असतो. लहान आमिषास ती जुळत नाहीं. दोन पेरांची काठी घ्यावी. पेरें जोडून हालवून पाहावीं. सांध्यांत खटखट वाजतां कामा नये. कड्या फुटाला एक व शिवाय एक या मानानें असाव्या, म्हणजे सहा फुटांस सात. प्रत्येक कडींतून कापसाचा पेळू ओढून पाहावा. कडींत बारीक चीर असेल तर तंतू तेथें अडकतात. अशी कडी दोर कापते, व दोष मात्र दोराच्या माथीं येतो.

रीळ. — रिळाचे मुख्य प्रकार दोन. एकांत दोर सुटतांना रहाटाप्रमाणें सबंध फिरकी फिरते; दुसऱ्यांत फिरकी स्थिर राहून दोर तिच्या कडेवरून वेटोळ्यांनीं निसटतो. पहिल्या प्रकारांत फिरकीस गति देण्याचें काम आमिषालाच करावें लागतें. जड आमिष तें सहज करितें. तीन ग्रॅमचें करूं शकत नाहीं, आणि फिरकी एकदां वेगांत आली कीं आमिष मंदावल्यावरहि ती फिरतच राहते व दोराचा गुंता होतो. हलक्या आमिषासाठीं मुद्दाम बनविलेलीं महाग रिळें या प्रकारांतहि मिळतात, परंतु नवख्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये.

दुसऱ्या प्रकाराचा उगम कापडधंद्यांतील आहे, हें आपल्या कापूस पिकविणाऱ्या वाचकांस मनोरंजक वाटेल. इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथील कापडधंद्यांतील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यानें सन १९०५ मध्यें स्थिर फिरकीच्या रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतील कांडीवरून सूत टोंकाकडून निसटतें तेव्हां कांडी फिरावी लागत नाहीं. हेंच तत्त्व त्या रिळांत आहे. हलक्या आमिषास अडथळा राहतो तो केवळ फिरकीच्या कडेवरील घर्षणाचा. म्हणून लहान आमिषास हेंच रीळ घ्यावें.

त्याचे आकार १०००, २०००, २५०० अशा आंकड्यांनीं ओळखतात. निरनिराळ्या कारखान्यांचे आंकडे तंतोतंत जुळत नाहींत. तरी १००० ते २००० पर्यंतचें चिलापीच्या काठीस व २००० ते २५०० पर्यंतचें मरळीच्या काठीस योग्य, असें धरून चालावें. शंभर मीटर दोर मावला म्हणजे शेततळ्यास पुरे. पेटीवर गोलकधारांची मोठी संख्या छापलेली असते. तिला भुलूं नये. मूठ फिरवून पाहावी. ती मऊ व एकसारखी फिरावी, आणि तिला आडवा हेलकावा नसावा. मुठीच्या एका फेऱ्यांत फिरकीभोंवतीं सुमारें पांच वेढे घेणारें रीळ या कामास मध्यम व चांगलें.

ताण ठराविक मर्यादेपलीकडे गेला असतां दोर आपोआप सोडणारी जी योजना असते, जिला ड्रॅग म्हणतात, ती रिळाचा प्राण होय. दुकानांत ती थोडी घट्ट करून दोर हातानें ओढावा. दोर झटके न देतां सुटला पाहिजे. बारीक दोराचें सर्व रक्षण हिच्यावर आहे. ती झटके देत असेल तर रीळ स्वस्त मिळाल्याचा आनंद पहिला मोठा मासा गळास लागेपर्यंतच टिकतो.

जुळणी व परीक्षा. — काठीवर रीळ बसवून, रिळाचा पाय बोटांमध्यें धरून, काठी सैल हातानें तोलावी. शेंडा जड होऊन खालीं झुकत असेल तर रीळ फार हलकें, आणि मुठीकडे ओढ असेल तर रीळ फार जड, असें समजावें. दोर भरतांना ओल्या फडक्यांत चिमटींत धरून ताणानें भरावा, आणि फिरकीची कड दीड-दोन मिलिमीटर मोकळी राहील इतकाच भरावा. कमी भरला तर उंच कडेवर घांसून फेंक तोकडी पडते. जास्त भरला तर वेटोळीं एकदम सुटून गुंता होतो.

ड्रॅग किती घट्ट ठेवावा याचा अंदाज बोटानें करूं नये. शेतावर स्प्रिंगचा कांटा असतोच. त्यास दोर बांधून ओढावा, आणि दोराच्या शक्तीच्या पाव ते तिसरा हिस्सा ताणावर दोर सुटूं लागेल अशी चावी बसवावी. तीन किलोग्रॅमच्या दोरास हा ताण पाऊण ते एक किलोग्रॅम होतो. पहिला सराव पाण्यावर न करितां खळ्यांत करावा : गळ काढून टाकलेलें आमिष बांधावें, पंधरा मीटरांवर पाटी ठेवावी व ती लक्ष्य धरावी. फेंक झाल्यावर रिळावरील तारेची कमान मूठ फिरवून न मिटतां हातानें मिटावी. त्यामुळें दोरांत ढिले वेढे राहत नाहींत.

सावधगिरी. — कार्बनतंतूमधून वीज वाहते. शेततळ्याच्या बांधावर पंपासाठीं विजेच्या तारा आलेल्या असतात. त्यांच्याखालीं अगर जवळ काठी उभारणें म्हणजे लोखंडी गज उभारण्यासारखें आहे. जागा आधींच निवडावी, तारांजवळून जातांना काठीचीं पेरें वेगळीं करावीं, आणि वळवाचा गडगडाट ऐकूं येतांच काम बंद करावें. ही सूचना आम्ही सर्वांत महत्त्वाची मानितों.

दुसरी गोष्ट अस्तराची. प्लास्टिकचें अस्तर असलेल्या तळ्यांत तिहेरी गळ वापरूं नये. ओढतांना त्याचें टोंक अस्तरांत शिरलें तर चार मरळींच्या पायीं तळ्यांतील पाणी गमवावें लागेल. एकेरी, कांटा दाबून सपाट केलेला गळ किंवा वर सांगितलेला तरंगता बेडूक वापरावा, आणि आमिष अडकलें तर हिसडा न देतां दोर कापून टाकावा. त्याच अस्तराचा उतार ओला झाला कीं निसरडा होतो. त्यावरून घसरलेला माणूस पोहतां येत असूनहि वर चढूं शकत नाहीं. म्हणून कुंपणाच्या आंत उतरून मासा काढूं नये, लांब दांड्याची जाळी वापरावी, बांधावर खुंटास बांधलेला दोरखंड पाण्यापर्यंत सोडून ठेवावा, आणि मुलांस एकटें पाठवूं नये. तुटलेला दोर गोळा करून घरीं आणावा. तो पक्ष्यांच्या पायांत अडकतो आणि चाऱ्याबरोबर जनावरांच्या पोटांत जातो.

तिसरी गोष्ट न्यायाची. मरळ आपल्या तळ्यांत चोर असली तरी ओढ्यांत व नदींत ती तेथलीच रहिवासी आहे. पावसाळ्यांत तिच्या पिलांचा थवा पाण्यावर दिसतो, व त्याखालीं आईबाप राखण करीत असतात. बाहेरच्या पाण्यांत अशा राखणदारांवर आमिष फेंकूं नये. ते गेले कीं सर्व थवा इतरांच्या भक्ष्यस्थानीं पडतो. तसेंच पुष्कळ जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेले असतात; तेथें त्यांच्या परवानगीवांचून काठी घेऊन जाणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत विळा घेऊन शिरणें होय.

गळास बसण्याची वेळ सकाळचा पहिला प्रहर व सूर्यास्तापूर्वींचा तास ही होय. बोटुकलीं सोडण्यापूर्वींचे उन्हाळ्याचे दोन महिने, जेव्हां पाणी आटून मरळी थोड्या जागेंत येतात, ते या कामास विशेष अनुकूल. त्या वेळीं काढलेली प्रत्येक मरळ पुढील वर्षाच्या शेंकडों बोटुकल्यांचें रक्षण करिते. शिवाय तिला बाजारांत भाव आहेच.

म्हणून दुकानांत जातांना आपलें आमिष खिशांत घालून जावें. तें दुकानदारापुढें ठेवावें आणि ‘मजबूत काठी द्या’ असें न म्हणतां ‘हें फेंकणारी काठी द्या’ असें म्हणावें. या एका प्रश्नानें निम्मी निवड होते, आणि पैशाचा अपव्यय टळतो.